टाकीतलं वजन

जमिनीला समांतर धरलं की इंजिन चालायचं. मॉडेल विमानाचं नाक वर केलं की तीन-चार सेकंदांत त्याचा आवाज चिरका व्हायचा, आणि गळा दाबल्यासारखं ते गप्प व्हायचं. त्या सकाळी असं नऊ वेळा झालं. अबू धाबीकडच्या रुवैसमधल्या कंपनीच्या क्वार्टरमागे मोकळी वाळू आहे, तिथे लोखंडी टेबलाला दोरीने बांधलेलं ते विमान आणि त्याच्यापुढे मी. बावन्न वर्षांची बाई. मिक्सरचं भांडं सोडलं तर आयुष्यात कुठलं यंत्र मी उघडलं नव्हतं. बाजूला व्हीलचेअरवर माझे पती बसले होते. त्यांना या इंजिनातलं सगळं कळत होतं आणि त्यांना ते सांगता येत नव्हतं.

ते रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते, बावीस वर्षं. जूनमध्ये ड्यूटीवरच पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली. वाचा पूर्ण गेली असती तर एक वेळ बरं होतं, पण एक शब्द मागे राहिला. खलास. चहा हवा असला तरी खलास, नको असला तरी खलास. मुलीचा व्हिडिओ कॉल आला, की स्क्रीनला हात लावून खलास. डॉक्टर म्हणाले, "असं होतं, एखादा शब्द अडकून राहतो. त्याचा अर्थ लावू नका." पण नवऱ्याच्या तोंडून दिवसभर तोच शब्द ऐकणाऱ्या बाईने अर्थ लावायचा नाही म्हणजे काय करायचं?

सप्टेंबरपर्यंत त्यांनी भिंतीकडे तोंड करून पडायला सुरुवात केली. फिजिओथेरपिस्ट यायचा, ते डोळे मिटून घ्यायचे. दोन घास खाल्ले की तोंड बंद. महिनाअखेरीस व्हिसा रद्द होणार होता, क्वार्टर सोडायची होती आणि रायगडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या गावी परतायचं होतं. तिथे जवळपास थेरपिस्ट नाही, धड रस्ता नाही. या माणसाला मी तिथे नेऊन काय करणार, हे मी कोणालाच विचारू शकत नव्हते.

सामान आवरताना मी एक ढीग लोकांना द्यायच्या वस्तूंचा केला. त्यात ते विमान ठेवलं. दीड मीटर पंखांचं, त्यांनी स्वतः जोडलेलं. हिवाळ्यात दर शनिवारी सकाळी ते आणि पलीकडच्या ब्लॉकमधले त्यांचे सहकारी, रत्नागिरीकडचे, ते घेऊन उडवायच्या मैदानावर जायचे. त्या सहकाऱ्यांना मी भाईजान म्हणते. विमान त्यांनाच द्यावं म्हणून मी ढिगावर ठेवलं आणि आतून असा ओरडा आला की माझ्या हातातला खोका पडला. ते उठून बसले होते. कोणीही न धरता. डावा हात विमानाकडे.

"द्यायचं नाही?" मी विचारलं.

"खलास!"

"गावी न्यायचंय?"

"खलास, खलास!" आणि त्यांनी हवेत बोट गरगर फिरवलं.

"चालू करायचंय?"

ते थांबले. माझ्याकडे बघत राहिले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांना काहीतरी हवं होतं. बुडणाऱ्याने दोरी धरावी तशी मी ते इंजिन धरलं. हे चालू झालं तर ते परत येतील, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. हा वेडेपणा आहे हे मला कळत होतं.

भाईजानांच्या प्लांटमध्ये दुरुस्तीसाठी शटडाउन चालू होता, बारा-बारा तासांची ड्यूटी. ते फोनवर म्हणाले, "भाभी, मी फक्त विमान धरायचो, इंजिनचं सगळं तेच बघायचे. पण बंद पडत असेल तर सुईचं काम असणार. कार्ब्युरेटरच्या बाजूला स्क्रू आहे ना, तो अर्धा आटा उघडून बघा. इन्शाल्ला होईल."

ती सुई किती इंधन आत जाऊ द्यायचं ते ठरवते, एवढं मला समजलं. मी अर्धा आटा उघडली. इंजिन धूर ओकत, तेल उडवत बंद पडलं. पाव आटा मिटली. ते किंचाळलं आणि बंद पडलं. सुईला हात लावला की हे म्हणायचे, "खलास." ते "नको" म्हणत होते की "असंच कर" म्हणत होते, मला कसं कळणार? मान हलवायचे, तीही कधी उभी, कधी आडवी. तीन सकाळी अशाच गेल्या. कपड्यांना, केसांना इंधनात मिसळलेल्या एरंडेलाचा जळका वास. पंख्याला बोट लागून नख अर्धं फाटलं. दुबईहून मुलीचा फोन आला. ती इंटरनॅशनल सिटीत मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते आणि शिकते. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ममा, इट्स जस्ट अ टॉय. प्लीज लेट इट गो." ती रडत होती.

चौथ्या सकाळी, नवव्या वेळी इंजिन बंद पडलं तेव्हा माझा धीर संपला. मी स्क्रूड्रायव्हर वाळूत भिरकावला.

"बोला ना काहीतरी! दुसरा एक शब्द तरी बोला! मला काय येतं यातलं? कुठवर ओढू मी एकटी?"

त्यांचा चेहरा एका बाजूने रडायला लागला. दुसरी बाजू तशीच स्थिर. मी वाळूत खाली बसले आणि मनात आलं, त्या दिवशी ड्यूटीवरच सगळं संपलं असतं तर दोघंही सुटलो असतो. असा विचार माझ्या मनात आला. तो मी केला होता, आणि तो मागे घेता येत नाही.

किती वेळ बसले होते कोण जाणे. व्हीलचेअर करकरली म्हणून वर बघितलं. ते एका हाताने चाक ढकलत टेबलापर्यंत आले होते. विमानाच्या नाकामागचं झाकण उघडंच होतं. त्यांनी आतली इंधनाची टाकी धरून ओढायला सुरुवात केली. मी उठून नळ्या सोडवल्या. ती तळहाताएवढी प्लास्टिकची बाटली त्यांनी कानाशी नेऊन हलवली. मग माझ्या कानाशी.

"काही ऐकू येत नाही," मी म्हटलं. "नुसतं इंधन."

त्यांनी मान जोरात हलवली आणि हत्यारांच्या खोक्याकडे बोट केलं. खोक्यात तशीच एक रिकामी, जुनी टाकी होती. ती त्यांनी हलवली. टक, टक, टक. मग पुन्हा आमची. काही नाही.

तेव्हा मला कळलं. ते मला नसलेला आवाज ऐकवत होते.

मी बुचाचा स्क्रू सैल करून रबरी बूच ओढलं. टाकीत एक मऊ नळी असते आणि तिच्या टोकाला पितळेचं छोटं वजन. विमान जिकडे कलेल तिकडे इंधन जातं, आणि इंधन जाईल तिकडे ते वजन घरंगळत जातं, म्हणून इंजिनाला कधी हवा ओढावी लागत नाही. आमच्या टाकीतली नळी उलटी दुमडून पुढच्या बाजूला, एरंडेलाच्या वाळलेल्या थरात चिकटून बसली होती. मार्चमधल्या शेवटच्या उड्डाणात विमान नाकावर आपटलं होतं, तेव्हाच ती पुढे गेली असणार. नाक वर केलं की इंधन मागे जायचं आणि नळी पुढे हवा चोखत राहायची. चार दिवस मी भलत्याच जागी स्क्रू पिळत होते.

गरम पाण्यात साबण घालून टाकी धुतली. खोक्यातली नवी नळी कापली. ती लांब झाली, वजन मागच्या भिंतीला अडकलं. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख नळीवर टेकवलं. तिथे कापली, वजन बसवलं, बूच लावून हलवलं. टक, टक. टाकीभोवती भांडी घासायचा नवा स्पंज कापून गुंडाळला, कारण त्यांनी जुन्या, कुजलेल्या स्पंजाचा तुकडा माझ्या हातात कोंबला होता. एक नळी कार्ब्युरेटरला, दुसरी सायलेन्सरला. सायलेन्सरमधल्या धुराच्या दाबाने इंधन पुढे सरकतं, हे मला भाईजानांनी नंतर सांगितलं. त्या वेळी ह्यांचं बोट जिथे जाईल तिथे मी नळी खुपसत होते.

इंजिन चालू झालं. या वेळी सुई फिरवताना त्यांनी आपल्या डाव्या हाताची बोटं माझ्या मनगटावर ठेवली. दाबली की मी थांबायची, सैल सोडली की फिरवायची. आवाज भरत गेला, पिळदार झाला आणि एका जागी त्यांनी मनगट घट्ट धरलं. मी दोरी सोडली, दोन्ही हातांनी विमान मागून धरलं आणि नाक आभाळाकडे केलं.

आवाज तसाच राहिला. मी हात भरून येईपर्यंत ते तसंच धरलं, रडत. टाकी कोरडी होऊन इंजिन आपसूक थांबेपर्यंत.

मी वळून बघितलं. चमत्कार झाला नव्हता. ते हसले नाहीत, नवा शब्द आला नाही. मी विचारलं, "पुन्हा?" त्यांनी मान हलवली, नको. मग तेलाची बाटली दाखवली. बंद ठेवायचं इंजिन गंजू नये म्हणून आत चार थेंब घालायचे होते. ते मी घातले. विमान घरात आणलं तेव्हा त्यांनी स्वतःच द्यायच्या ढिगाकडे बोट केलं. विमान देऊन टाकायला आता त्यांची हरकत नव्हती. ते दुसऱ्याच्या हातात धडपणे जावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि मी त्यातून केवढा मोठा अर्थ काढून बसले होते.

शुक्रवारी भाईजान येऊन विमान घेऊन गेले. ह्यांनी बघितलंही नाही.

त्या संध्याकाळी मी गरम पाणी आणि वस्तरा घेऊन बसले. कित्येक दिवस ते गालाला हात लावू देत नव्हते. त्यांनी मान वर केली आणि मेलेल्या बाजूचा गाल माझ्याकडे वळवला. मी हळूहळू दाढी केली. विमानतळावर जायला अजून पाच दिवस होते.