धुरपदाची काडीमोड

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही — आणि त्याला तर मी शेजारणींच्या भांडणांपासून न्यायाधीशांच्या डुलक्यांपर्यंत सगळं सांगते. तुम्हाला का सांगतेय? मलाच नीट ठाऊक नाही. सकाळपासून एका जागी बसवत नाहीये. चहा दोनदा गरम केला, दोनदा निवला. एकदा सांगायचं ठरवलं की माझं असंच होतं, मी मुळातच उतावळी. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात ना? माझं तसं काळ्या कोटाचं झालं होतं.

काय सांगू त्या कोटाचं! शेतकऱ्याच्या घरात पोरगी वकील झाली होती. आपलं शहर तेव्हा औरंगाबाद होतं. ऐन उन्हाळ्यात, काही काम नसताना, मी तो कोट घालून गुलमंडीवरून स्कूटर नेत असे, का तर कुणीतरी बघावं म्हणून. घामाच्या धारा लागायच्या, पण कोट काढायची नाही. हसा तुम्ही. मलाही हसू येतं, इथपर्यंत आठवलं की.

मी ज्यांच्या हाताखाली काम शिकत होते ते वकील गावोगावी मार्गदर्शन शिबिरं घेत. लग्न, वाटणी, वारसा यांचा कायदा लोकांना त्यांच्या भाषेत सांगायचा. एकदा त्यांना ताप आला आणि पिशोरचं शिबिर माझ्या एकटीच्या गळ्यात पडलं. गळ्यात कसलं, मी उडीच मारली! बाजाराचा दिवस, ग्रामपंचायतीचा ओटा, कर्णा आणि समोर ही गर्दी. मुलीलाही बापाच्या मिळकतीत वाटा असतो, म्हटलं की बायका एकमेकींना कोपरानं ढोसत. भावाला हक्कसोड लिहून द्यायची की नाही ते माहेरच्या साडीवर ठरवू नका गं, म्हटलं की हशा. माझ्या तोंडातून शब्द पडायचा अवकाश, लोक झेलत होते. असं सुख मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

आणि तेव्हा धुरपदा उठली.

मेंढपाळ घरातली बाई. तिचं पहिलं लग्न अजिंठ्याकडं झालं होतं. नवरा मारकुटा निघाला, तेव्हा तिच्या बापानं जातीचे पंच बसवले. नवऱ्यानं पंचांसमोर काडी मोडून तुकडे टाकले आणि दोघं मोकळी झाली. त्यांच्यात सोडचिठ्ठीची रीतच ती, पिढ्यानपिढ्यांची. मग पिशोरच्या सखारामशी तिचा पाट लागला, म्हणजे पुन्हा लग्न झालं. मूलबाळ नव्हतं, पण संसार सुखाचा होता. आता सखाराम वारला होता. त्याच्या नावावर वाटणीत आलेली विहिरीकाठची जमीन होती, तिच्यावर धाकटा दीर वारस म्हणून स्वतःचं नाव लावायला निघाला होता. त्याचं म्हणणं — कोर्टाचा घटस्फोट कुठंय? ही माझ्या भावाची बायकोच नव्हती.

"ताई, काडी मोडली व्हती की. चार पंच व्हते, माझ्या बापानं समद्यांला जेवू घातलं. आता ती काडी कुठून आनून दावू?"

लोक हसले. इथंच — बघा, इथंच मी थांबायला हवं होतं. बघून सांगते, पुढच्या बाजारी या, एवढंच म्हणायचं होतं. पण कर्णा हातात, सगळं गाव माझ्याकडं बघतंय, आणि मी काय माहीत नाही म्हणू? मला रीतिरिवाज हे सगळं अडाणीपण वाटायचं, कायदा आला की ते संपलं असं वाटायचं. मी ठणकावून सांगितलं की काडी मोडून घटस्फोट होत नसतो, तो कोर्टात होतो. पहिलं लग्न मोडलं नाही, म्हणून दुसरं झालंच नाही, म्हणून जमिनीत हक्क नाही. धडाधड, पायऱ्या उतरल्यासारखं. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात दिरानं वाजवल्या.

ती उभीच होती. "मंग मी येवढी वरसं कोन व्हते त्येंची?" एवढंच विचारलं तिनं.

मी म्हणाले, पुढचा प्रश्न.

हे तर काहीच नाही हो. चूक कुणाचीही होते, नवख्या वकिलाची तर होतेच. एवढंच असतं तर मी केव्हाच चारचौघांत हसत हसत सांगून टाकलं असतं.

काही महिन्यांनी लासूर स्टेशनची एक बाई माझ्याकडं आली. तशीच काडीमोड, तसाच पाट, नवऱ्यामागं तसाच जमिनीचा वाद, फक्त हिचा भाऊ खमक्या होता आणि फी आगाऊ ठेवत होता. मी कायद्याचं पुस्तक घेऊन बसले आणि उठले ती किंचाळतच! अहो, कायद्यात चक्क लिहिलेलं होतं. ज्या समाजात काडीमोडीची जुनी, चालत आलेली रीत आहे, तिथं ती कायदा मानतो. कोर्टाचा कागद लागत नाही, रीत साक्षीदारांनी सिद्ध करावी लागते. आणि दुसरं लग्न खरं ठरलं की विधवा पहिल्या नंबरची वारस. मी खुर्चीतून उठून खोलीभर फिरले. मला नाचावंसं वाटत होतं. असं कलम सापडण्याचा आनंद वकिलालाच कळेल.

मग मी लासूर स्टेशनची म्हातारी माणसं साक्षीला उभी केली. काडी कशी मोडतात, कोण मोडतं, पुढं काय होतं, सगळं त्यांच्या तोंडून वदवलं आणि दावा जिंकला. पेढे वाटले. काडीमोडवाली वकीलबाई म्हणून माझं नाव झालं, पाच तालुक्यांतून बायका येऊ लागल्या. आज माझं जे काही आहे, ते त्या एका कलमावर उभं आहे.

आणि धुरपदा? तुम्ही हेच विचारणार ना? ती मला आठवली नाही असं नाही. पुस्तक मिटायच्या आधीच आठवली होती. तिचे पंच तेव्हा जिवंत होते, दाद मागायची मुदत होती, पिशोरची एसटी रोज सुटत होती. पण गेले असते तर त्याच ओट्यावर, त्याच लोकांसमोर म्हणावं लागलं असतं — मी चुकले, ही सखारामची लग्नाची बायको होती. माझं नुकतं कुठं नाव होत होतं. मी गेले नाही. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणाले, पावसाळ्यानंतर जाऊ म्हणाले, आणि मग तसं म्हणणंही सोडून दिलं. पंच एकेक करून गेले असतील.

अजून संपलं नाही.

बऱ्याच वर्षांनी लासूर स्टेशनलाच माझं भाषण ठेवलं होतं. विषय अर्थातच माझी गाजलेली काडीमोड. मंडप भरलेला, मी नेहमीसारखी फुरफुरत माईकपाशी गेले — आणि पुढच्याच सतरंजीवर धुरपदा. केस पांढरे, पण तीच. मागाहून कळलं, जमीन गेल्यावर ती भावाकडं, इकडं राहायला आली होती आणि दुसऱ्यांची मेंढरं राखत होती.

मी विषय बदलला. उभ्याउभ्या. मृत्युपत्र कसं करावं यावर बोलले, आणि चांगलं बोलले. काडीमोडीचा शब्द काढला नाही. त्या मंडपात आणखी किती धुरपदा बसल्या होत्या, कोण जाणे.

भाषण संपल्यावर ती उठली. मला वाटलं, आता! मी पर्स उचलली. ती बायकांकडं वळून म्हणाली,

"ह्या ताईचं ऐका गं. मला बी ह्यांनीच खरं सांगितलं व्हतं. लोक म्हनत व्हते लढ, लढ. लढले असते तर व्हतं नव्हतं ते बी कोर्टात गेलं असतं."

टाळ्या पडल्या. मी हात जोडले आणि माईकमधून म्हणाले, आभारी आहे.

मग तिनं मला विचारलं, "पर ताई, मला येक सांगा. माझ्या नावावर कायबी नाय. तरी बी ते मुरत्युपत्र करावं लागतंय का?"

"नाही," मी म्हणाले. "मग लागत नाही."

"बरं झालं," म्हणाली, आणि पदर सारखा करून खाली बसली.