रक्ताची गोष्ट निघाली तेव्हा

विमलचे वडील मोरोपंत अमरावतीत पौरोहित्य करायचे. विमल अकोल्यात शिक्षिका झाली आणि पाटबंधारे खात्यातल्या नागसेनशी तिनं लग्न केलं. नागसेन हिवरखेडच्या बौद्ध घरातला. मोरोपंतांनी काही वर्षं लेकीचं नाव घेतलं नाही. नीलम झाली, तेव्हा मात्र ते एसटीनं अकोल्याला आले आणि नातीला मांडीवर घेऊन, जेवूनच परतले. पुढे येणंजाणं एवढं वाढलं, की विमलच्या भावाचा, केशवरावांचा मुलगा यशोधन अकरावी-बारावीला तिच्याकडेच राहिला. नागसेन त्याला पहाटे क्लासला सोडायचा.

नीलम पुढे वकील झाली. अकोल्यात दगडफेक झाली तेव्हा पोलिसांनी उचललेल्यांत एका मुस्लिम गॅरेजवाल्याचा मुलगा होता. तो त्या वेळी दवाखान्यात आईपाशी बसलेला होता. नीलमनं त्याचा जामीन करून घेतला. यशोधन तोवर एका जहाल संघटनेत गेला होता. त्यानं नीलमचा फोटो टाकून खाली लिहिलं, ‘गद्दार’.

त्यानंतर महिन्याभरात मोरोपंतांचं सहस्रचंद्रदर्शन आलं. जायचं की नाही, असं विमलच्या मनात चाललं होतं.

नागसेन म्हणाला, “मले तुह्या बापानं बोलावलं हाय. त्या पोट्ट्यानं नाई. जाऊ आपुन.”

हॉलमध्ये पंगत बसली. यशोधन जिलबी वाढत आला आणि नीलमचं ताट टाळून पुढे गेला.

“दादा, मला राहिली.”

“दंगलखोरांना सोडवणाऱ्यांना मी वाढत नाही.”

“बाबू, तो पोरगा दवाखान्यात होता,” नागसेन शांतपणे म्हणाला. “कोर्टानं पायलं ते.”

“तुम्ही बोलू नका. तुमच्या रक्तातच धर्मद्रोह आहे.”

विमल ताटावरून उठली. “कोणाचं रक्त रे? नीलमच्या अंगात माझंही आहे, आणि माझं तेच तुझ्या बापाचं. या माणसाच्या घरी दोन वर्षं जेवलास, तेव्हा नाही विचारलंस रक्त?”

केशवराव ताटात बघत पुटपुटले, “विमल, आज बाबांचा दिवस आहे. जाऊ दे.”

यशोधनच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं, ते या वाक्यानं झालं. तिचे डोळे भरून आले.

मोरोपंतांना कमी ऐकू येतं. “काय झालं?” त्यांनी विचारलं. कोणी सांगेना. विमल त्यांच्या कानाशी वाकली आणि मोठ्यानं सगळं सांगितलं. हॉलभर ऐकू गेलं.

म्हातारा आपलं ताट घेऊन थोडा बाजूला सरकला. मग म्हणाला, “नीलम, तुझं ताट घेऊन माझ्याजवळ ये. नागसेनराव, तुम्हीही या.”

यशोधननं भांडं खाली ठेवलं आणि तो निघून गेला. केशवराव त्याच्यामागे गेले.

या गोष्टीला वर्ष होत आलं. यशोधननं माफी मागितलेली नाही. केशवराव फोन करतात, पण त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. विमल दर महिन्याला वडिलांना भेटायला जाते. ती आली की यशोधन गाडी काढून बाहेर पडतो.

“तू कावून जाते मंग?” नागसेननं एकदा विचारलं.

“बाप माझा आहे,” ती म्हणाली. “यशोधनसाठी मी माहेर का सोडू?”