बर्फानं दळलेली माती

सकाळी नातीनं कांद्याच्या वाफ्यात पाणी सोडलं. ओल्या गाळाचा वास आला आणि मी पार लेहला पोचलो.

तेव्हा मी चांदवडहून तिकडं कांद्याची गाडी न्यायचो. वाट्याला आलेला खडकाळ माळ विकायचं मनात पक्कं होतं. एकदा वाटेत गाडी थांबवली. वरच्या बर्फाचं वितळलेलं, दुधासारखं पांढरं पाणी खाली येत होतं. त्यानंच आणून पसरलेल्या गोट्यांच्या उतारावर एक म्हातारी ते पाणी बांधात अडवत होती.

"अम्मा, पत्थर में क्या उगेगा?" मी हसलो.

"पानी को बैठने तो दे, बेटा! बर्फ ऊपर पहाड़ पीसती है, पानी आटा नीचे लाता है."

तिनं माझ्या हातावर गाळ ठेवला. पिठासारखा मऊ, गारगार. शेजारी तिचं जवाचं पीक हिरवंगार डुलत होतं.

घरी येऊन मी माळावरच्या ओढ्याला दगडी बांध घातला. "दगडं पेरतो काय रे?" भाऊ हसायचा. मी कुठला ऐकतोय! दर पावसाळ्यात गढूळ पाणी अडवलं, बसू दिलं. त्याच गाळात आज कांदा हाय.

"आबा, पलीकडचे दगडही आपलेच ना? तिथं काय लावू?" नातीनं विचारलं.

"आधी बांध घाल," म्हणालो.