मधोमधचा हातपंप आणि माझं अर्धं मत

सत्तर सालाच्या आसपास कलकत्त्याच्या बालीगंजमधल्या आमच्या गल्लीला दोन टोकं होती आणि दोन्ही टोकांना गावठी बॉम्ब बनवणारी पोरं. हातपंप मात्र एकच, उत्तरेच्या टोकाला. आम्हा दक्षिणेकडच्या बायकांनी तिथं पाणी भरायला जायचं म्हणजे शिव्या ठरलेल्या, कधीकधी विटाही. आमच्या घरमालकीण माशीमा, म्हणजे आपल्या मावशीच म्हणा, एकदा कळशी घेऊन गेल्या आणि मांडीत बॉम्बचा तुकडा घेऊन परतल्या.

मग नगरसेवकाचा निरोप आला. गल्लीला आणखी एक पंप मिळेल, जागा तुम्हीच मिळून ठरवा. सभा भरली. दक्षिणेसाठी पहिला हात वर केला तो एका शाळामास्तरांनी. त्याच हातावर सुरा बसला. त्यानंतर कुणाचाच हात खांद्याच्या वर जाईना.

मी पुण्याहून नुकती लग्न होऊन आलेली, नागरिकशास्त्र कोळून प्यायलेली दीडशहाणी. म्हटलं, गुप्त मतदान घेऊ! मी दोन्ही टोकांच्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. कुंकू लावून घ्यायचं आणि जाताना दोन मडक्यांपैकी एकात सुपारी टाकायची. एक मडकं उत्तरेचं, एक दक्षिणेचं.

"निवडणूक आहे की डोहाळजेवण?" नवऱ्यानं विचारलं. त्या दिवशी त्याला चहा मिळाला नाही.

गल्लीवर उघडणाऱ्या आमच्या खोलीत बायका जमल्या. माशीमा लंगडत दारात आल्या आणि माझा कुंकवाचा हात हवेतच थांबला. त्या विधवा होत्या. मी मडकी हळूच मागे सरकवली. "तुम्ही नुसत्या बसा हं, माशीमा."

"बौमा," त्या मला सूनबाईच म्हणायच्या, "तुकडा मांडीत शिरला, तेव्हा आधी माझं कपाळ बघून शिरला होता का ग?"

त्या आत येऊन टेकल्या. तेवढ्यात दारात बॉम्ब फुटला. मडक्यांच्या खापऱ्या उडाल्या, धुरात किंकाळ्या उठल्या, शेजारणीच्या कानातून रक्ताची धार लागली. आणि लोकशाहीची ही वाघीण? पलंगाखाली!

माशीमा मात्र तशाच लंगडत गल्लीत दोन्हीकडच्या पोरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "या रे मेल्यांनो, बघा! ना उत्तरेच्या टोकाला, ना दक्षिणेच्या. पंप मधोमध. हवा असेल तिनं हात वर करावा!"

एकेक हात वर गेला. कुंकवाचे, काजळीचे, रक्ताचे. पोरांच्या मुठीत बॉम्ब होते, पण वर गेलेल्या हातांत त्यांच्याच आयांचेही हात होते, दोन्ही टोकांच्या. मुठी खाली आल्या.

मी पलंगाखालून एक हात बाहेर काढला. माशीमांनी उघड्या दारातून तो पाहिला. "बौमाचं अर्धं धरा," म्हणाल्या.

पंप मधोमधच बसला. मारामाऱ्या काही थांबल्या नाहीत. फक्त माशीमा कळशी घेऊन निघाल्या की दोन्ही टोकांची पोरं गुपचूप गल्लीबाहेर जात आणि त्या परतल्यावर पुन्हा एकमेकांची डोकी फोडत.