कागदावरची टेस्ट

चिकपेटच्या गल्लीत मी चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. शिक्षण चौथी, तीही पुरी नाही. पण एक मला पक्कं ठाऊक. भारी सिल्क पुढ्यात आलं की कात्री अडते, म्हणून आधी रद्दी पेपरवर कापून बघायचं. दहा वेळा पेपर कापला की सिल्कवर कात्री आपोआप चालते.

हेच मी नातीला लावलं आणि पोरीची वाट लावली.

नात तिसरीत आहे. टेस्ट असली की सकाळी पोटात दुखायचं, मग ओकायची. पहिलीपासून तेच. मुलगा-सून साडेसातला कामाला निघतात, तेव्हा हे सगळं माझी बायको बघायची. काय करायची ते मी कधी नीट पाहिलं नाही. पायरीवर बसून वेण्या घालायची, एवढंच दिसायचं. दोन वेण्यांना अर्धा तास. मी म्हणायचो, टेस्ट आहे तिची, लग्न नाही. ती म्हणायची, तुम्ही कॉफीचा लोटा घ्या आणि आत व्हा.

बायकोला जाऊन आठ महिने झाले. त्यानंतरच्या पहिल्याच टेस्टला पोरगी वर्गात ओकली. मॅडमनी बोलावून कानडीत सांगितलं, अण्णा, घरी तिला स्वल्प, म्हणजे थोडा, धीर द्या. धीर कसा देतात ते मला कुठं माहीत? मला कागद कापणं माहीत.

मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर टेस्ट. समोर दुकानातलं गजराचं घड्याळ. दहा गणितं, वीस मिनिटं. ही खरी नव्हे, नुसती कागदावरची, असं तिला समजावलं. चार दिवस तिनं सोडवली. पाचव्या दिवशी मी घड्याळाला चावी दिली आणि ती वहीवरच ओकली. मी टेबल पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घड्याळ मांडलं. वाटलं, अजून कागद कमी पडतोय. इतका मूर्ख.

आधी ते टेस्टच्या सकाळी व्हायचं, आता रोज संध्याकाळी. भाताचं ताट सरकवून द्यायला लागली. मी सोफ्यावर बसलो की उठून आत जायची.

शेवटी तिलाच विचारलं, वेणी घालताना अज्जी काय सांगायची?

"काही नाही. वर्गात कोण कोणाशी भांडलं ते विचारायची." मग म्हणाली, "अज्जीला माहीतच नसायचं टेस्ट आहे ते."

माहीत नसायचं कसं? स्वयंपाकघरात गेल्या वर्षीचं कॅलेंडर अजून लटकतंय. तिच्या प्रत्येक टेस्टच्या तारखेवर बायकोचं हळदीचं बोट उमटलंय. पोरीला मी ते दाखवलं नाही.

घड्याळ माळ्यावर टाकलं. परवा गणिताची टेस्ट होती. मी पायरीवर बसलो, तिला पुढ्यात घेतलं, केसांचे तीन पेड केले. हात शिंप्याचा, पण वेणी वाकडीच येत होती. विचारलं, काय गं, वर्गात कोण भांडलं?

"अज्जा, तुला माहितेय आज टेस्ट आहे," ती म्हणाली.

मी पेडावर पेड घालत राहिलो. एक वेणी झाली. दुसरी घ्यायच्या आधी तिनं मान न वळवता विचारलं, "किती मिनिटं झाली?"

मी म्हणालो, घड्याळ नाही लावलं गं.

ती तशीच उठून, तोंडावर हात दाबून मोरीत गेली. रबरबँड माझ्या बोटात राहिला.