ब्रेकमधली हवा

आबांनी ती जीप एकट्यानं उभी केली, असं कवठे महांकाळात आजही कुणी सांगायला लागलं की माझं डोकं फिरतं. एकट्यानं! मग सहा महिने तिच्याखाली पोतं टाकून उताणी पडलेली कोण होती?

आबा म्हणजे माझे वडील, मिलिटरीत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर, बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील तेव्हा, त्यांनी लष्करानं लिलावात काढलेली एक जुनी जीप ट्रकच्या मागं बांधून आणली. चारी चाकांना इंजिनाची ओढ आहे, बैल थांबतील त्या चढावर ही चढेल, असं ते ज्याला त्याला सांगत. प्रत्यक्षात इंजिन जाम धरलेलं होतं, पुढच्या चाकांचा गिअर पडत नव्हता आणि पायाखालचा पत्रा इतका सडला होता की खालची जमीन दिसायची. मी तेव्हा सांगलीत, विश्रामबागेतल्या एका शाळेत शास्त्र शिकवत होते आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.नं घरी यायचे. आबांचा गुडघा वाकत नव्हता, गाडीखाली जाणं त्यांना शक्य नव्हतं. मग गेले मी. पहिल्या रविवारी हौस म्हणून गेले, पुढं त्याचं वेडच लागलं.

आबा खुर्चीत बसून सांगायचे, मी खाली पडून करायचे. चिकटून बसलेले नट रॉकेलात भिजवून सोडवले. पुढच्या चाकांच्या सांध्यातलं दगड झालेलं ग्रीस बोटांनी खरवडलं. पुढचा गिअर पहिल्यांदा पडला तेव्हा मी आणि आबा दोघंही वेड्यासारखे हसलो होतो. रविवारी संध्याकाळी आई माझी नखं लिंबाच्या फोडीनं घासायची, कारण बघायला येणारे पाहुणे मुलीचे हात बघतात.

आणि ते खाकरणं! रस्त्यानं कुणी येताना दिसलं की आबा खाकरायचे. ती खूण होती. मी गाडीखालून निघून मागच्या दारानं आत पळायचं, आणि आबांनी पाना हातात घेऊन बॉनेटपाशी उभं राहायचं. "कसं काय आबा, चाललंय का काम?" "चाललंय की. होईल तसं करतोय." हे मी चुलीपाशी उभी राहून ऐकायचे. हाताला ग्रीस माझ्या आणि शाबासकी त्यांना. तरी मी गप्प बसायचे, कारण त्यांनी मला शब्द दिला होता. "तयार झाली की पयली फेरी तुझी. गावातनं तूच चालवत न्यायची. मग कोण काय बोलायचं ते बोलू दे." त्या एका फेरीसाठी मी सगळं गिळलं. इंजिन सुरू झाल्यावर शिवारात मला गाडी शिकवली तीही आबांनीच, म्हणून मी त्या शब्दावर विसंबले.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी ब्रेकचे सगळे रबर बदलले. त्यानंतर नळीतली हवा काढावी लागते, नाहीतर ब्रेक लागत नाही. वर एकानं पायानं ब्रेक दाबायचा, खाली दुसऱ्यानं चाकाजवळचा स्क्रू ढिला करून हवा सोडायची. वर आबा धडक्या पायानं दाबत होते, खाली मी, असं एकेक चाक करत गेलो. तीन चाकं झाली आणि ब्रेकचं तेल संपलं. पुढच्या शनिवारी मी सांगलीहून तेलाचा डबा घेऊन आले. नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. घरात येऊन बघते तर सगळे पाने पाटावर मांडलेले, त्यांना हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूची माळ.

"आबा, एक चाक ऱ्हायलंय. ब्रेकात हवा हाय."

"पुजलेलं हत्यार आज उचलायचं न्हाई."

"मग उद्या गाडी भाईर काढू नका."

"बघू," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धी गल्ली दारात जमली. चारी चाकांखाली लिंबं ठेवली. साताऱ्याहून माझा चुलतभाऊ आला होता, काळा चष्मा लावून. सहा महिन्यांत त्यानं त्या गाडीचा एक नट पिळला नव्हता. आईनं माझ्या हातात आरतीचं ताट दिलं. मी जीपला ओवाळलं, आणि वर बघते तर आबांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली होती. माझ्याकडं बघायचंसुद्धा टाळलं.

मी ताट धरूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आबा, ब्रेक धरत न्हाई. नेऊ नका."

"पोरीला काय कळतंय ब्रेकातलं?" कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली.

मी आबांकडं बघत राहिले. त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. ते चुलतभावाला म्हणाले, "म्या सोता बघितलाय ब्रेक. ने रं तू."

आमची गल्ली ओढ्याकडं उतरते. जीप लिंबं चिरडून निघाली, उतारानं वेग घेतला आणि थांबलीच नाही. शेजारच्यांच्या गोठ्याची भिंत फोडून ती आत शिरली. म्हसरं नशिबानं रानात गेली होती. चुलतभावाचं कपाळ फुटलं, रेडिएटर फाटला. मी कितीतरी रविवार घालवून बसवलेली पुढची चाकं दोन दिशांना फाकली होती.

लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं, डोक्याला फडकं बांधलं. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "आवं आबा, तुमच्या हातचं काम आन् असं कसं झालं?"

आबा काठी टेकत जीपपर्यंत गेले. फुटलेल्या रेडिएटरकडं बघत उभे राहिले. मग वळले आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं न्हवं ते. ब्रेकाचं काम पोरीनं केलतं."

जीपला माझा हात लागला होता, हे त्यांनी गावासमोर कबूल केलं ते फक्त त्या दिवशी.