शनिवारचे ढ विद्यार्थी

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी रजा काढून टांझानियाहून एडवणला घरी आले, तेव्हाच बाबांनी मनाशी पक्कं केलं होतं की आता पोरीला परत जाऊ द्यायचं नाही. बोईसरच्या एका शाळेत माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. जेवताना, वाडीत केळींना पाणी लावताना एकच पालुपद, "तितं असं काय हाय, जे इतं नाय?" मला धड सांगता येत नव्हतं. पगार बेताचा, वीज लहरी, तरी मी तिथे खुशीत होते. कारण सांगायला गेलं की ते फुसकं वाटायचं आणि माझाच पारा चढायचा.

टांझानियातल्या त्या शाळेत आम्ही पाच शिक्षक, पाच ठिकाणचे. शनिवारी दुपारी पुढच्या आठवड्यातला अवघड धडा एकाने उरलेल्यांना शिकवायचा आणि त्यांनी अट्टल ढ विद्यार्थी व्हायचं, अशी आमची पद्धत. न कळता मान डोलावणाऱ्याने सगळ्यांचा चहा करायचा. माझ्या रजेतल्या एका शनिवारी त्यांनी मलाही व्हिडिओ कॉलवर बसवलं. मी ओटीवर फोन टेकवला. शेजारी बाबा सुपारी कातरत होते.

एक सहकारीण अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होती. अर्ध्याला पावने भागलं की उत्तर दोन, हे मी बाबांना सांगितलं.

"भागलं तर वाडलं कसं?" बाबा म्हणाले. "कमी व्हायला पायजे."

मी हसत हसत त्यांचा प्रश्न तिकडे सांगितला. तिकडे कोणीच हसलं नाही. शिकवणारीने कागद फाडून दाखवला. बाबांना पटेना. दुसऱ्याने फळ्यावर रेघा मारल्या. तेही पटेना. दोन्हीकडचं भाषांतर करून माझ्या तोंडाला कोरड पडली. शेवटी एकाने स्वतःच्या डब्यातली अर्धी चपाती काढली आणि विचारलं, प्रत्येकाला पाव चपाती दिली तर ही किती जणांना पुरेल?

"दोगांना," बाबा म्हणाले, आणि कातरायचं थांबले. "म्हंजे कितींना पुरंल ते बगायचं."

सोमवारचा तास याच प्रश्नाने सुरू करते, असं शिकवणारी म्हणाली. मी ते सांगितलं तेव्हा बाबा लाजले.

फोन ठेवल्यावर त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला. मग म्हणाले, "शाळेत मी हेच इचारलं होतं. मास्तरांनी वर्गाबाहेर उबं केलं. मंग गणितात कदी तोंड उगडलं नाय." सुपारीची खांडं डब्यात भरत त्यांनी पुढे सांगितलं, "बोईसरला कळव, येत नाय म्हणून."

आल्यापासून याच वाक्यासाठी मी भांडत होते. ते कानावर पडल्यावर मात्र आई-बाबांना सोडून जायचं जिवावर आलं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"जिवावर येनारच," बाबा म्हणाले. "पन जा. आनि शनिवारी फोन लावत जा. मला अजून बरंच इचारायचं हाय."